ठेवणीतले पॉइंट

विमानप्रवासावर आणि कार्डावर मिळणाऱ्या, पुढे तिकिटासाठी वापरता येणाऱ्या पॉइंटांबद्दल एका वाचकाचं पत्र आलंय. त्यांनी नाव छापू नका असं कळवलंय. पत्र थोडं आटोपतं करून देते:

‘मी ५२ वर्षांचा आहे. नोकरीत नऊ वर्षं सतत विमानाची फिरती होती, त्यातून एका विमान कंपनीच्या खात्यात १,१८,००० पॉइंट साठले. दुसऱ्या एका कंपनीत ९,४०० पडून आहेत आणि बँकेच्या क्रेडिट कार्डावर ६०,०००. दोन वर्षांपूर्वी फिरती बंद झाली. आता कार्डावरच्या खर्चातून महिन्याला साधारण २,००० जमतात, तेवढेच. आमची मुलगी परदेशात शिकते, तिचं अजून दीड वर्ष आहे. बायको म्हणते, पॉइंट वापरून दोघं जाऊन येऊ. इकॉनॉमीला माणशी एका बाजूचे ३०,००० लागतात. पण इतक्या वर्षांची पुंजी इकॉनॉमीवर घालवणं म्हणजे ती वाया घालवणं, असं मला वाटतं. सगळे जाणकार सांगतात की पॉइंटची खरी किंमत बिझनेस क्लासमध्येच वसूल होते. गेल्या वर्षी त्याला ७०,००० लागत होते, म्हणजे दोघांचे १,४०,०००. मला २२,००० कमी पडले म्हणून थांबलो. आता तेच तिकीट ८५,००० झालंय आणि मला ५२,००० कमी पडतायत. कंपनी सध्या सवलतीत पॉइंट विकतेय, ते घेऊ का? की थांबू? बायकोचं म्हणणं, असेच पडून वाया जातील. मला भीती, घाईत वाया जातील. अधूनमधून खातं उघडून आकडा बघायला मला आवडतं, हेही कबूल करतो.’

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. ‘वाया’ हा शब्द त्यात तीनदा आलाय. ‘मुलगी’ एकदाच.

आधी त्या ५२,००० बद्दल बोलू, कारण तुमचा सगळा जीव तिथे अडकलाय. हा आकडा कुठून आला? दोघांचे ८५,००० प्रमाणे १,७०,०००, त्यातून तुमचे १,१८,००० वजा. पण ८५,००० हे एका बाजूचं तिकीट आहे ना? मग परत कसे येणार आहात? दोघांचं जाणं-येणं बिझनेस क्लासने करायचं तर ३,४०,००० लागतील. कार्डावरचे सगळे पॉइंट एकास एक दराने खात्यात वळवता आले असं धरलं, तरी तुमच्याकडे होतात १,७८,०००. म्हणजे कमी पडतायत ते १,६२,०००. महिन्याला २,००० या वेगाने ते भरायला पावणेसात वर्षं लागतील. मुलीचं शिक्षण दीड वर्षात संपतंय.

आणि ही पावणेसात वर्षंही भाव आहे तिथेच राहील असं धरून. गेल्या वर्षभरात एका तिकिटामागे १५,००० वाढले. तुम्हाला चार तिकिटं लागणार, म्हणजे एका वर्षात तुमचं लक्ष्य ६०,००० ने पुढे सरकलं. त्याच वर्षात तुम्ही जमवले २४,०००. भाव दरवर्षी एवढा चढेलच असं नाही, पण नुसतं थांबून ही शर्यत जिंकता येणार नाही, एवढं या दोन आकड्यांवरून दिसतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच, फक्त इथे पळतं तुमच्यापेक्षा अडीचपट वेगाने पळतंय.

आता जाणकारांकडे वळू. पॉइंटची खरी किंमत बिझनेस क्लासमध्येच, असं ते म्हणतात ते खोटं नाही. त्यांचा हिशेब कसा असतो ते आधी मांडते. चलन तुमच्याकडचं घाला आणि आकडे नुसते उदाहरणाचे समजा.

इकॉनॉमीचं एका बाजूचं तिकीट रोखीने ६०० ला मिळतंय. तेच पॉइंटवर घेतलं तरी कर आणि अधिभाराचे १२० खिशातून भरावेच लागतात. म्हणजे ३०,००० पॉइंटांनी तुमचे ४८० वाचवले. दर हजारी १६. बिझनेस क्लासचं तिकीट रोखीने २,४००, त्यावरचा कर-अधिभार ३६०. ८५,००० पॉइंटांनी वाचले २,०४०, म्हणजे दर हजारी २४. जाणकार म्हणतात, बघा, दीडपट!

आता मला सांगा, पॉइंट नसते तर तुम्ही ते २,४०० चं तिकीट खिशातून काढलं असतंत का? तुमच्या पत्राच्या सुरावरून मला उत्तर कळतंय. मग २,०४० वाचले असं कसं म्हणायचं? जो खर्च आपण कधी करणारच नव्हतो, तो वाचला कुठून? त्याऐवजी स्वतःला असं विचारा: मोठ्या सीटवर पाय पसरून झोपत जायला मी जास्तीत जास्त किती मोजेन? समजा उत्तर आलं ९००. त्यातून अधिभाराचे ३६० जाऊन राहिले ५४०, भागिले ८५. दर हजारी सहाच्या आसपास. आणि इकॉनॉमीचं ६०० चं तिकीट? मुलीला भेटायला जायचं झालं तर ते तुम्ही रोखीने काढलंच असतं, त्यामुळे तिथले १६ हे खरेखुरे १६ आहेत. जे २४ दिसत होते ते तुमच्यापुरते सहा निघाले, आणि ज्याला तुम्ही ‘वाया घालवणं’ म्हणत होतात ते १६.

ज्याला कामामुळे म्हणा, तब्येतीमुळे म्हणा, किंवा निव्वळ ऐपत आहे म्हणून, बिझनेस क्लासचं तिकीट नाहीतरी काढायचंच आहे, त्याच्यासाठी जाणकारांचा हिशेब तंतोतंत बरोबर आहे. गुडघे किंवा पाठ इतकी दुखत असेल की दहा तास बसवतच नाही, तर तुमचे ९०० चे १,५०० होतील आणि उत्तरही बदलेल. हा आकडा दुसऱ्या कुणाकडून उसना आणता येत नाही. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा आणि मग ताडून बघा. तुमच्या पत्नीचा आकडा तुमच्यापेक्षा निम्मा निघाला तर मला नवल वाटणार नाही.

मुळात हे पॉइंट आहेत काय, तेही एकदा नीट पाहू. तुम्ही त्यांना ‘पुंजी’ म्हटलंय, आणि गोम तिथेच आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ ला ‘एएडव्हान्टेज’ ही प्रवाशांना मैल, म्हणजेच पॉइंट, देणारी योजना सुरू केली. पाठोपाठ काही दिवसांतच युनायटेड या दुसऱ्या अमेरिकन विमान कंपनीनेही आपली योजना आणली. त्या काळी मैल म्हणजे खरोखर उडून आलेले मैल होते. प्रवाशाने पुढच्या वेळी आपल्याच विमानात बसावं, एवढाच हेतू. पुढे बँका त्यात आल्या. आता बँका विमान कंपन्यांकडून पॉइंट घाऊक विकत घेतात आणि कार्ड वापरणाऱ्यांना वाटतात. यात किती पैसा आहे ते २०२० मध्ये दिसलं. महासाथीत विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली ‘मायलेजप्लस’ योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. विमानं उडत नव्हती, पण पॉइंटांचा कारखाना तारण ठेवण्याजोगा होता.

कारखान्यातून माल जास्त निघाला आणि विमानातल्या सीट तेवढ्याच राहिल्या, की भाव कुणाचा पडणार हे उघड आहे. पूर्वी कंपन्या तक्ता छापत: अमुक भागातून तमुक भागात जायला इतके पॉइंट. ग्राहक तो तक्ता भिंतीवर लावून वर्षानुवर्षं जमवत बसू शकत होता. डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीने २०१५ मध्ये तो तक्ता काढून टाकला. युनायटेडने २०१९ च्या नोव्हेंबरपासून स्वतःच्या विमानांपुरता काढला. आता पुष्कळ ठिकाणी पॉइंटमधला भाव रोखीच्या भावाबरोबर वरखाली होतो, आणि आज दिसलेला आकडा उद्या दिसेलच याची हमी कुणी देत नाही. योजनेच्या नियमांत कुठेतरी लिहिलेलं असतंच की कंपनी हे नियम आणि दर बदलू शकते. कधी आधी सूचना मिळते, कधी झोपेतून उठून बघावं तर बदल झालेला असतो.

कंपनीच्या वहीत तुमचे १,१८,००० पॉइंट हे देणं म्हणून मांडलेले असतात. ते तुम्ही वापरलेत तर देणं फिटतं. मुदत संपली तर न फेडताच फिटतं. आणि तिकिटाचे पॉइंट वाढवले की तेवढंच देणं कमी सीटमध्ये भागतं. तीनपैकी दोन गोष्टी तुम्ही हातावर हात ठेवून बसलेले असतानाच घडतात. बँकेत ठेव ठेवली तर थोडंफार व्याज तरी येतं. इथे व्याज नाही, उलट दुसऱ्याच्या मर्जीने मुद्दल आटतं. पुंजी म्हणजे असं काही नव्हे. ही मुदत न छापलेली कुपनं आहेत.

कधीकधी तर छापखानाच बुडतो. एअर बर्लिन ही जर्मन विमान कंपनी २०१७ च्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरीत गेली आणि काही दिवसांतच तिची ‘टॉपबोनस’ ही पॉइंट योजनाही. ती योजना वेगळी कंपनी होती, तिचे बहुसंख्य समभाग अबू धाबीच्या इतिहाद या विमान कंपनीकडे होते, तरीही लोकांचे मैल बुडाले. उलट जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ नंतर थांबली, पण तिची ‘जेटप्रिव्हिलेज’ ही पॉइंट योजना तरली आणि त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने पुढे चालू राहिली. तीही वेगळी कंपनीच होती आणि तिथेही इतिहादचा हिस्सा निम्म्याहून जरा जास्त होता. मांडणी दोन्हीकडे जवळजवळ सारखी, शेवट मात्र उलटे. बाहेरून बघणाऱ्या पॉइंटधारकाला यातलं काहीही आधी ओळखता आलं नसतं. तुमची कंपनी बुडेल असं मी म्हणत नाहीये. मोठ्या आणि सुस्थितीतल्या कंपनीच्या बाबतीत ही भीती लहानच समजा. भाववाढ आणि मुदत या दोन गोष्टी मात्र लहान नाहीत.

मुदतीवरून आठवलं. फिरती बंद होऊन दोन वर्षं झाली म्हणता, मग हे वाचून झाल्यावर पहिलं काम हेच करा. खात्यात पॉइंट कधी संपतात हे कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते शोधा. मुदतीच्या मुख्य तऱ्हा दोन. एकीत खातं हलतं ठेवलं की सगळे पॉइंट जिवंत राहतात. ब्रिटिश एअरवेजच्या ‘एव्हिऑस’ पॉइंटांना ३६ महिन्यांत एकदा तरी हालचाल लागते, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीच्या पॉइंटांना १८ महिन्यांत. हालचाल म्हणजे विमानात बसायलाच हवं असं नाही, बऱ्याच ठिकाणी कार्डावरून थोडे पॉइंट वळवले तरी भागतं. कशाने भागतं आणि कशाने नाही, ते ज्या त्या योजनेच्या नियमांत बघा. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक पॉइंटला जन्मतारीख असते. सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर मैल मिळाल्यापासून तीन वर्षांनी जातात, मग खातं कितीही हलवा. तुमची योजना या दुसऱ्या जातीची असेल, तर फिरतीच्या काळातले पॉइंट गळायला लागलेही असतील किंवा येत्या वर्षात लागतील. तसं असेल तर थांबायचं की वापरायचं हा वादच उरत नाही. युनायटेडसारख्या काही योजनांमध्ये मुदतच नाही, तिथे तेवढी एक चिंता कमी.

मग साठवायचं कधीच नाही का? साठवायचं की. वर जे दर हजारी काढलं, त्याचा खरा उपयोग तिथेच आहे. तेच ६०० चं तिकीट सवलतीत ३०० ला मिळालं आणि पॉइंटमध्ये मात्र ३०,००० च मागत असतील, तर वाचणार फक्त १८०, म्हणजे दर हजारी सहा. अशा वेळी पाकीट काढा आणि पॉइंट राखा. रोखीच्या तिकिटावर नवे पॉइंटही मिळतात, पॉइंटवरच्या तिकिटावर सहसा मिळत नाहीत. याच्या उलट, ऐनवेळी जावं लागलं, सुट्ट्यांची गर्दी आहे, रोखीचा भाव आभाळाला भिडलाय आणि पॉइंटमधला भाव तेवढा चढलेला नाही, असं दिसलं की हात आखडता घेऊ नका. स्वतःपुरती एक रेघ ओढून ठेवा. समजा ती १२ ची. दर हजारी १२ च्या वर मिळत असतील तर पॉइंट, खाली असतील तर रोख. रेघ कुठे ओढायची याचा अंदाज तुमच्या कार्डावरूनच येतो. तेच पॉइंट बिलातून वळते करायला बँक दर हजारी किती देते ते बघा. तुमची रेघ त्याच्या खाली कधीच जाता कामा नये, आणि प्रवासाच्या तिकिटावर त्याच्या बरीच वर असायला हरकत नाही. कॅटलॉगमधल्या वस्तू घेताना भाव बहुधा या रेघेच्या पार खाली सापडतो, तिकडे फिरकूच नका.

साठवण्याचं आणखी एक रास्त कारण म्हणजे ठरलेला प्रवास. ठरलेला म्हणजे कुठे, कोण, कोणत्या महिन्यात आणि किती पॉइंट कमी आहेत, हे चारही कागदावर उतरवता येतं असा. आणि कमी पडणारे पॉइंट वर्षा-दीड वर्षात कुठून येणार, तेही ठाऊक आहे असा. ‘कधीतरी बिझनेस क्लासने जाऊ’ हे या चाळणीतून खाली पडतं. थोडे पॉइंट अडीअडचणीला बाजूला ठेवणंही मला पटतं. अचानक निघावं लागलं की एका माणसाचं तिकीट निघेल एवढे. त्याहून मोठा ढीग कशासाठी, याचं उत्तर मी पुष्कळ लोकांना विचारलंय. उत्तरादाखल बहुतेक जण ढीग किती मोठा आहे तेच सांगतात.

हे सगळं मी शहाणपणाच्या उंच आसनावर बसून सांगत नाहीये. माझ्याच हातून झालेला एक प्रकार सांगते. एका कंपनीने जाहिरात केली: कार्डावरचे पॉइंट आमच्याकडे वळवा, पाव हिस्सा जादा देऊ. मी मागचापुढचा विचार न करता सगळे वळवले. मग सीट शोधायला बसले. मला हव्या असलेल्या महिन्यात पॉइंटवर एकही सीट नव्हती. पुढच्या महिन्यात नव्हती, त्याच्या पुढच्याही नाही. कार्डाकडे पॉइंट परत नेता येत नाहीत हे तेव्हा कळलं. पुढे अडीच वर्षं ‘मोठ्या प्रवासाची’ वाट बघत मी ते सांभाळले आणि मुदतीच्या आठ दिवस आधी, मला न लागणाऱ्या एका हॉटेलच्या कुपनांवर उडवले. ती कुपनंही पडूनच राहिली. जादा मिळालेल्या पाव हिश्शाचा आनंद मात्र मला जवळजवळ संध्याकाळपर्यंत झाला होता.

म्हणून तुम्हाला सांगते, क्रम उलटा करू नका. आधी मुलीला विचारा की तिला कधी मोकळीक आहे. नेमके दिवस नकोत, तीन-चार आठवड्यांचा पट्टा पुरेल. मग त्या पट्ट्यात पॉइंटवर दोन सीट एकाच विमानात मिळतात का ते बघा. एक मिळते आणि दुसरी मिळत नाही, असं फार वेळा होतं. पुष्कळ कंपन्या प्रवासाच्या ३३० ते ३५५ दिवस आधी सीट खुल्या करतात, त्यामुळे वर्षभर आधी शोधणाऱ्याला निवड असते. शेवटच्या काही दिवसांत रिकाम्या राहिलेल्या सीटही कधीकधी सोडतात, पण दोघांनी ठरवून जायचं तर त्या भरवशावर राहू नका. मंगळवार-बुधवार बघा, परतीचं दुसऱ्याच शहरातून निघतं का तेही बघा. तुमची कंपनी स्टार अलायन्स, वनवर्ल्ड किंवा स्कायटीम या विमान कंपन्यांच्या गटांपैकी कशात असेल, तर तिच्याच पॉइंटवर त्या गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या विमानातही बसता येतं. स्वतःच्या विमानात सीट नाही म्हणणारी कंपनी भागीदाराच्या विमानात देते, आणि कधी तिथला अधिभारही कमी असतो. अधिभाराचा आकडा तिकीट पक्कं करण्याआधी जरूर बघा. काही कंपन्या पॉइंटवरच्या तिकिटावर एवढा अधिभार लावतात की रोखीचं स्वस्त तिकीट आणि तो यात फारसं अंतर उरत नाही.

दोन्ही बाजूंच्या सीट पडद्यावर दिसल्या की मगच कार्डाला हात लावा. तुमचा हिशेब सरळ आहे. इकॉनॉमीने दोघांचं जाणं-येणं १,२०,०००, खात्यात आहेत १,१८,०००. कमी पडतात २,०००, ते कार्डावरून वळवा. वळवण्याचं प्रमाण एकास एक असेलच असं नाही आणि कमीत कमी किती वळवायचे याचीही अट असते, तेवढं बघून घ्या. कधी काही मिनिटांत होतं, कधी काही दिवस लागतात आणि तोवर सीट उडते. त्यामुळे आज-उद्याच तिकीट काढायचं असेल तर कंपनीला विचारा की सीट तात्पुरती धरून ठेवता येते का. पॉइंटवरचं तिकीट रद्द केलं तर पॉइंट परत येतात का आणि किती कापून, हेही त्याच वेळी विचारा. पुष्कळ योजनांत ही सोय रोखीच्या स्वस्त तिकिटापेक्षा बरी असते, आणि मुलीची परीक्षा पुढेमागे झाली तर तीच उपयोगी पडेल.

तुमच्या मनातल्या बिझनेस क्लासचं काय? एक बाजू बिझनेसने आणि परतीचं रोखीने, असा मधला मार्ग काहींना सुचतो. पण लांबच्या मार्गावर नुसतं एका बाजूचं रोख तिकीट बरेचदा जाण्यायेण्याच्या तिकिटाच्या आसपास पडतं, तेव्हा ते आधी तपासा. रोखीने इकॉनॉमी काढून पॉइंटवर वरच्या वर्गात जाण्याचीही सोय असते, पण सगळ्यात स्वस्त तिकिटावर ती सहसा मिळत नाही आणि सीट शिल्लक असेल तरच. तुमच्या १,७८,००० मध्ये आणखी एक जुळणी बसते: एकाचं जाणं बिझनेसने ८५,०००, दुसऱ्याचं इकॉनॉमीने ३०,०००, येताना दोघं इकॉनॉमीने ६०,०००, एकूण १,७५,०००. हिशेब चोख आहे. तेव्हा पुढच्या सीटवर कुणी बसायचं हे मात्र मला विचारू नका, आणि शक्यतो घरीही विचारू नका.

पॉइंट विकत घेण्याबद्दल. ५२,००० अजिबात घेऊ नका. एक तर ते ५२,००० फक्त जाण्याचे आहेत, हे वर पाहिलंच. दुसरं, कंपनी सवलतीत ज्या दराने विकतेय तो दर हजारीत मांडा आणि तुमच्या रेघेशेजारी ठेवा. तुम्हाला ज्या गोष्टीची किंमत सहा आहे, ती समजा पंधराला विकत घेतली, तर त्यात सवलत कसली? विकत घेणं परवडतं ते एकाच वेळी: सीट समोर दिसतेय, हजार-दोन हजार कमी पडतायत आणि ते दुसरीकडून येण्याची सोय नाही. तुमच्याकडे ती सोय आहे. अशा विक्रीची मुदत नेहमी ‘फक्त आज रात्रीपर्यंत’ असते, आणि काही महिन्यांनी ती पुन्हा येते.

दुसऱ्या खात्यातल्या ९,४०० वर मात्र फार विचार खर्चू नका. मुदत हालचालीवर असेल तर कार्डावरून चिमूटभर टाकून ते जिवंत ठेवा आणि एखाद्या जवळच्या प्रवासात संपवा. नाहीतर सामानाच्या जादा वजनावर किंवा सीट निवडण्यावर घालवा. इथे दर हजारी चार मिळाले तरी मी तक्रार करणार नाही. तीन खात्यांचं एक खातं कमी होईल.

आकडा बघायला आवडतं असं तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल तुमचं कौतुक, कारण हे कुणी कबूल करत नाही. नऊ वर्षं पहाटेची विमानं पकडली, घरातले किती प्रसंग हुकले असतील, त्याचा हातात उरलेला हिशेब म्हणजे हे १,१८,०००. तो आकडा शून्यावर आला की ती वर्षंही पुसली जातील असं आत कुठेतरी वाटत असणार. म्हणूनच ‘इकॉनॉमीवर घालवणं’ तुम्हाला त्या वर्षांचा अपमान वाटतो. पण त्या नऊ वर्षांत तुमची वाट बघत घरी कोण बसलं होतं? त्यातली एक आता पॉइंट वापरून जाऊ या म्हणतेय आणि दुसरीला भेटायलाच जायचंय. या पॉइंटांवर त्या दोघींचा हक्क तुमच्याइतकाच आहे असं मला वाटतं.

आणि खातं काही रिकामं होणार नाही. २,००० वळवल्यावर कार्डावर ५८,००० उरतील. ते तिथेच राहू द्या, कोणत्याही एका कंपनीत घालू नका. कार्डावर असेपर्यंत ते बऱ्याच ठिकाणी जाऊ शकतात. दर महिन्याला २,००० वाढत राहतील. बघायला आकडा हवा असेल तर तो आहे.

आज रात्री मुदतीची तारीख शोधा. मुलीला फोन पत्नींना करू द्या, आणि दोघींचं बोलणं चालू असताना मध्येच बिझनेस क्लासचा विषय काढू नका.